प्राचीन ग्रीक खगोलवेत्ते आणि त्यांची विश्वकल्पना

पृथ्वी गोल आहे, ती स्वतःभोवती फिरते आणि सूर्याभोवतीही फिरते, हे आज शाळेत जाणारा कोणताही मुलगा किंवा मुलगी सांगेल. पण त्यांना "कशावरून?" एवढेच विचारून पाहावे. मुले गडबडतात. खरे म्हणजे आपण मोठी माणसेही गडबडतो. "पुस्तकात दिले आहे", "गुरुजींनी सांगितले", फार तर "उपग्रहाने फोटो काढले आहेत" अशी उत्तरे येतात. पुस्तकात दिले आहे म्हणून खरे मानायचे असेल, तर पोथीत दिले आहे म्हणून खरे मानणाऱ्यात आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

ज्यांच्याजवळ दुर्बीण नव्हती, घड्याळ नव्हते, कोन मोजण्याची साधनेही ओबडधोबड होती, अशा काही माणसांनी सव्वादोन-अडीच हजार वर्षांपूर्वी "कशावरून?" या प्रश्नाला आकाशातूनच उत्तर मिळविण्याचा प्रयत्न केला. त्यांचा हा प्रयत्न कोठपर्यंत गेला, कोठे चुकला आणि बरोबर उत्तर हाती आल्यावरही ते का सोडून दिले गेले, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. या लोकांना आपण ग्रीक म्हणतो. पण ते सर्व आजच्या ग्रीस देशातच राहत होते असे नाही. मायलीटस हे शहर आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर होते आणि अलेक्झांड्रिया तर इजिप्तमध्ये आहे.

सुरुवात मायलीटसपासून होते. तेथील थेलीस याने इ.स.पू. ५८५ मधील सूर्यग्रहणाचे भाकीत केले होते असे इतिहासकार हिरोडोटस सांगतो. त्या काळी उपलब्ध असलेल्या ज्ञानावर असे नेमके भाकीत करता येणे शक्य नव्हते, असे आजच्या अनेक अभ्यासकांचे मत आहे व ते पटण्यासारखे आहे. थेलीसचे खरे महत्त्व वेगळे आहे. जग कशाचे बनले, या प्रश्नाचे उत्तर देताना त्याने देवाचे नाव न घेता पाण्याचे नाव घेतले. उत्तर चूक होते, परंतु ते तपासता येण्याजोगे होते.

आणि ते लगेच तपासले गेले. पृथ्वी पाण्यावर तरंगते असे थेलीस म्हणे. मग पाणी कशावर आहे? त्याच शहरातील अ‍ॅनॅक्झिमँडर याने सांगितले की, पृथ्वी कशावरही टेकलेली नाही. ती विश्वाच्या मध्यभागी आहे, सर्व बाजूंनी सारख्या अंतरावर आहे. म्हणून अमुक एका बाजूला पडण्याचे तिला कारणच नाही. ज्या काळात जगभर पृथ्वीला कोणाच्या ना कोणाच्या पाठीवर, डोक्यावर किंवा खांद्यावर ठेवले जात होते, त्या काळात एका माणसाने तिला आधाराशिवाय अंतराळात सोडून दिले. त्याच्या मते पृथ्वीचा आकार मात्र ढोलासारखा होता आणि ढोलाच्या वरच्या सपाट बाजूवर आपण राहतो!

यानंतर ज्याच्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे तो म्हणजे अ‍ॅनॅक्झागोरस. हा इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्समध्ये येऊन राहिला. तेथील मोठा पुढारी पेरिक्लीस याचा तो स्नेही होता. सूर्य हा देव नसून तापून लाल झालेला दगड आहे आणि तो पेलोपोनीज या दक्षिण ग्रीसमधील द्वीपकल्पाहूनही मोठा आहे, असे त्याने सांगितले. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही, तो सूर्याच्या प्रकाशाने उजळतो. पृथ्वीची सावली त्याच्यावर पडली की चंद्रग्रहण होते आणि चंद्र सूर्याच्या आड आला की सूर्यग्रहण होते, हेही त्याने मांडले. आपण राहतो ती जमीन आणि वर दिसणारे सूर्य-चंद्र एकाच प्रकारच्या द्रव्याचे आहेत, असा याचा अर्थ होता. अथेन्सने त्याच्यावर देवनिंदेचा खटला भरला. त्याला शहर सोडावे लागले व लॅम्प्सॅकस या गावी त्याचा अंत झाला.

माणूस घालवला, पण ग्रहण काही शहर सोडून जात नाही. इ.स.पू. ४१३ मध्ये अथेन्सचे मोठे सैन्य सिसिली बेटावरील सिराक्यूज शहरापाशी अडचणीत सापडले होते. माघार घेण्याचे ठरले, जहाजे तयार झाली, आणि २७ ऑगस्टच्या रात्री चंद्राला ग्रहण लागले. सेनापती निसिअस हा शकुन-अपशकुन मानणारा. ज्योतिष्यांनी सांगितले, तीन वेळा नऊ दिवस थांबा. तो थांबला. तेवढ्या अवधीत शत्रूने बंदराचे तोंड बंद केले, आरमार नष्ट झाले, पायी निघालेले सैन्य पकडले गेले. निसिअसला ठार मारण्यात आले आणि कमीत कमी सात हजार कैदी दगडांच्या खाणीत डांबले गेले. ग्रहण म्हणजे काय, हे अथेन्समध्ये राहिलेल्या माणसाने काही दशकांपूर्वी सांगून ठेवले होते. ते सैन्याच्या उपयोगी पडले नाही.

ही गोष्ट फार लांबची वाटू नये. ग्रहण लागले की "दे दान, सुटे गिराण" अशी आरोळी देत गावातून फिरणारी माणसे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतली होती. राहू-केतू हे महार-मांगांच्या जातीचे, म्हणून यांना दान दिले की ग्रहण सुटते, अशी गावाची समजूत होती. आकाशातल्या एका सावलीचा दोष जमिनीवरच्या माणसांच्या माथी कसा मारता येतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

असो. आता पृथ्वीच्या आकाराकडे वळू. ती गोल असावी हा विचार पायथागोरसच्या पंथात पुढे आला, पण त्याची प्रमाणे नीट मांडली ती अ‍ॅरिस्टॉटलने (इ.स.पू. ३८४–३२२). चंद्रग्रहणात चंद्रावर पडणाऱ्या पृथ्वीच्या सावलीची कड दर वेळी वर्तुळाकारच असते. पृथ्वी थाळीसारखी असती, तर ती सावली कधी लांबट, कधी चपटी दिसली असती. दुसरे प्रमाण असे की, उत्तर-दक्षिण प्रवास केला की दिसणारे तारे बदलतात. इजिप्तमध्ये दिसणारे काही तारे उत्तरेकडे गेल्यावर दिसेनासे होतात. अगस्त्याचेच उदाहरण घ्या. हिवाळ्यात आपल्याकडे दक्षिणेला हा ठळक तारा सहज दिसतो. अथेन्समध्ये तो क्षितिजाच्या वर येतच नाही. जमीन सपाट असती तर असे झाले नसते.

इतके स्वच्छ प्रमाण देणाऱ्या याच अ‍ॅरिस्टॉटलने विश्वाची जी मांडणी केली, ती मात्र पुढे सुमारे दोन हजार वर्षे विचारांच्या पायातली बेडी ठरली. त्याच्या आधी युडॉक्ससने २७ गोलांची कल्पना करून ग्रहांच्या गतीचा हिशेब मांडला होता. अ‍ॅरिस्टॉटलने ते गोल ५५ पर्यंत वाढविले. संख्येचे विशेष नाही. मुद्दा असा की, चंद्राच्या खालचे सर्व ते बदलणारे, कुजणारे, हीन. आणि चंद्राच्या वरचे सर्व ते शुद्ध, अविकारी, वेगळ्याच द्रव्याचे, अशी त्याने विश्वाची दोन भागांत वाटणी केली. वरचे वर व खालचे खाली, आणि दोघांचे नियम वेगळे! अ‍ॅनॅक्झागोरसने जे एक केले होते ते याने पुन्हा तोडले. गुलामांच्या श्रमांवर उभ्या असलेल्या समाजात अशी मांडणी सर्वांना सहज पटली असावी, असे मला वाटते. ही भिंत पडण्यासाठी १६०९-१० साली गॅलिलिओला दुर्बिणीतून चंद्रावरचे डोंगर दिसावे लागले.

आता सामोस बेटावरच्या अ‍ॅरिस्टार्कसकडे येऊ (सुमारे इ.स.पू. ३१०–२३०). याचा एकच लहानसा ग्रंथ शिल्लक आहे. सूर्य व चंद्र किती मोठे आहेत आणि किती दूर आहेत, हा त्याचा विषय. त्याची रीत विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगी आहे. अष्टमीच्या सुमारास चंद्र बरोबर अर्धा दिसतो. त्या क्षणी सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांचा त्रिकोण काढला, तर चंद्रापाशी होणारा कोन काटकोन असलाच पाहिजे. मग आपण आपल्या जागेवरून सूर्य आणि चंद्र यांच्यामधला कोन मोजायचा. त्रिकोणाचे दोन कोन कळले की बाजूंचे प्रमाण काढता येते. अ‍ॅरिस्टार्कसने हा कोन ८७ अंश धरला आणि सूर्य हा चंद्राच्या १८ ते २० पट दूर आहे असे सिद्ध केले.

खरा कोन ८९ अंश ५१ कला इतका, म्हणजे जवळजवळ काटकोनच आहे. तीन अंशांहूनही कमी चूक. पण तेवढ्याने उत्तर कोठल्या कोठे गेले. सूर्य प्रत्यक्षात चंद्राच्या सुमारे ३९० पट दूर आहे. चंद्र नेमका अर्धा केव्हा झाला हे नुसत्या डोळ्यांनी ठरविणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून ही चूक झाली. रीतीत दोष नव्हता.

चुकीच्या आकड्यातूनही त्याला जे दिसले ते मोठे होते. खग्रास सूर्यग्रहणात चंद्र सूर्याला जेमतेम झाकतो. म्हणजे सूर्य जितक्या पट दूर, तितक्याच पट मोठा. चंद्रग्रहणातील सावलीच्या रुंदीवरून चंद्र आणि पृथ्वी यांचे प्रमाण मिळते. हे सगळे जुळवून त्याने दाखविले की, सूर्याचा व्यास पृथ्वीच्या सहा-सात पट आहे आणि आकारमान २५४ ते ३६८ पटींच्या दरम्यान आहे. (व्यास आज आपल्याला १०९ पट असल्याचे माहीत आहे.) एवढा प्रचंड गोळा एका लहान पृथ्वीभोवती रोज गरगर फिरतो, हे त्याला पटेनासे झाले असावे, असा तर्क अभ्यासक करतात. त्याने मांडले की, सूर्य स्थिर आहे आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरते. हे लिहिलेला त्याचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. आर्किमिडीजने गेलॉन राजाला उद्देशून लिहिलेल्या एका लेखनात त्याचा उल्लेख केला, म्हणून आपल्याला हे कळते.

क्लिअँथिस नावाचा एक तत्त्वज्ञ म्हणाला की, विश्वाची चूल हलविणाऱ्या या माणसावर ग्रीकांनी देवनिंदेचा खटला भरला पाहिजे. तसा खटला भरल्याचा पुरावा नाही. धर्माने सत्य दाबले, अशी सरळ गोष्ट सांगून आपण येथेच थांबू शकलो असतो. तशी ती अनेक ठिकाणी सांगितलीही जाते. पण ती अर्धीच आहे. अ‍ॅरिस्टार्कसला नाकारणाऱ्या बऱ्याच लोकांजवळ खरोखरीची हरकत होती. एक डोळा मिटून समोर धरलेल्या बोटाकडे पाहा, मग दुसरा डोळा मिटून पाहा. बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे दिसते. यालाच पराशय म्हणतात. पृथ्वी जर सूर्याभोवती एवढी मोठी फेरी मारत असेल, तर सहा महिन्यांच्या अंतराने तारेही असेच सरकलेले दिसले पाहिजेत. कोणालाही ते सरकलेले दिसले नाहीत. अ‍ॅरिस्टार्कसचे म्हणणे असे होते की, तारे इतके दूर आहेत की त्यांच्यापुढे पृथ्वीची सगळी फेरी एका बिंदूसारखी आहे. हे उत्तर बरोबर होते, परंतु त्याला पुरावा नव्हता.

तो पुरावा मिळाला १८३८ साली. बेसेल या जर्मन खगोलवेत्त्याने हंस तारकासमूहातील एका अंधुक ताऱ्याचे सरकणे मोजले. तो कोन एका विकलेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आहे. म्हणजे एक सेंटिमीटर रुंदीची वस्तू साडेसहा किलोमीटरवरून पाहिली तर होईल तेवढा. ग्रीकांना हे दिसले नाही यात त्यांचा दोष काढता येत नाही. "कशावरून?" हा प्रश्न बरोबर बोलणाऱ्यालाही विचारावा लागतो आणि कधीकधी त्याचे उत्तर मिळायला एकवीस शतके लागतात. कोपर्निकसने १५४३ साली सूर्य मध्यभागी ठेवणारा आपला ग्रंथ छापला. हस्तलिखितात त्याने अ‍ॅरिस्टार्कसचे नाव लिहिले होते. छापताना तो मजकूर गाळला गेला.

हिपार्कसविषयी (इ.स.पू. दुसरे शतक) थोडक्यात सांगतो. त्याने ऱ्होड्स बेटावरून वेध घेतले व ताऱ्यांची यादी तयार केली. बॅबिलोनच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेल्या नोंदींचा त्याने उपयोग केला. आपल्या ओळखीच्या चित्रा ताऱ्याचे स्थान त्याने सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक नोंदीशी ताडून पाहिले, तेव्हा शरद संपातापासूनचे त्याचे अंतर ८ अंशांवरून ६ अंशांवर आलेले आढळले. हेच संपातचलन. याच्यामुळेच मकरसंक्रांत आज १४-१५ जानेवारीला येते, जरी सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. हिपार्कसची यादी हरवली असे समजत होते. पण सिनाईच्या मठातून आलेल्या एका खरवडून पुन्हा वापरलेल्या चामड्याच्या हस्तलिखितात तिचा लहानसा अंश सापडल्याचे २०२२ साली जाहीर झाले.

या साऱ्या कामाचा शेवटचा मोठा संग्राहक टॉलेमी. इ.स. १५० च्या सुमारास अलेक्झांड्रियात त्याने तेरा भागांचा ग्रंथ रचला. त्यात १०२२ तारे आहेत. मध्यभागी पृथ्वी, तिच्याभोवती चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू आणि शनी. पृथ्वी स्वतःभोवती फिरते काय, याचाही विचार त्याने केला आणि तसे असते तर ढग व पक्षी मागे राहिले असते म्हणून ती कल्पना टाकून दिली. आपल्याकडे आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे मांडले, तेव्हा वराहमिहिराने घेतलेली हरकतही पक्ष्यांचीच होती: पाखरे घरट्यात परत कशी येतील?

ग्रीक गणित व ज्योतिष तोपर्यंत आपल्याकडे पोचले होते. 'केंद्र' हा शब्द आपण रोज वापरतो, तो मूळ ग्रीक 'केंट्रॉन'. 'होरा'ही ग्रीकच, अर्थ तास. यवन म्लेच्छ असले तरी या शास्त्रातील ज्ञानामुळे ऋषींसारखे पूज्य ठरतात, अशा अर्थाचे वराहमिहिरच्या ग्रंथात म्हटले आहे. म्हणजे दूरच्या म्लेच्छाला ज्ञानामुळे मान मिळू शकत होता. गावकुसाबाहेरच्या माणसाचा प्रश्न निराळा होता.

वारांचा क्रमही याच ग्रहक्रमातून आला आहे. शनीपासून खाली चंद्रापर्यंत सात ग्रह क्रमाने एकेका तासाचे मालक धरा. पहिला तास शनीचा असेल, तर चोवीस तास संपून पंचविसावा तास रवीचा येतो. त्यापुढच्या दिवशी पहिला तास सोमाचा, मग मंगळाचा. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार हा क्रम असा तयार होतो. मध्यभागी पृथ्वी मानणारी विश्वाची कल्पना विज्ञानातून गेली, पण भिंतीवरच्या कॅलेंडरात ती अजून आहे. ज्या तासावर ज्या ग्रहाची मालकी, त्या तासाचे शुभाशुभ सांगून दक्षिणा घेणारेही आहेत.

एराटोस्थेनिसचे नाव मुद्दाम शेवटी ठेवले, कारण त्याचा प्रयोग आपल्याला करून पाहता येतो. हा अलेक्झांड्रियाच्या प्रसिद्ध ग्रंथालयाचा प्रमुख होता (सुमारे इ.स.पू. २७६–१९४). दक्षिणेकडील साईनी गावात, म्हणजे आजच्या आस्वानमध्ये, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो व काठीची सावली पडत नाही, हे त्याला माहीत होते. त्याच दिवशी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते. ती त्याने मोजली. कोन निघाला पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन गावांतले अंतर ५,००० स्टेडियम. म्हणून पृथ्वीचा परीघ त्याच्या पन्नास पट, २,५०,००० स्टेडियम. स्टेडियमची लांबी निरनिराळी धरून आजच्या मापात हे ३९ ते ४६ हजार किलोमीटर येते. खरा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. एका उत्तरकालीन लॅटिन लेखकाच्या म्हणण्यानुसार ते अंतर राजाच्या मोजणीदारांनी मोजले होते. त्या मोजणीदारांपैकी एकाचेही नाव इतिहासात नाही.

साईनीसारखा बिनसावलीचा दिवस महाराष्ट्रात प्रत्येक गावी वर्षातून दोनदा येतो. मुंबईत तो मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस असतो. जुलैतला बहुधा ढगांमुळे हुकतो. नागपूरला पहिला दिवस मेच्या अखेरच्या आठवड्यात येतो. हैदराबाद नागपूरच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४१५ किलोमीटर. आपले नातेवाईक दोन्हीकडे असतातच. नागपूरच्या मुलांनी एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी व दुपारी बारानंतर सावली नाहीशी होते तो दिवस पकडावा. त्याच दिवशी हैदराबादच्या मुलांनी तेवढ्याच काठीची दुपारची सर्वांत आखूड सावली मोजून फोनवर कळवावी. ती सुमारे साडेसहा सेंटिमीटर भरेल आणि नेहमीसारखी उत्तरेकडे न पडता दक्षिणेकडे पडेल. साडेसहा भागिले शंभर, यावरून कोन येतो पावणेचार अंश. ३६० अंशांत असे पावणेचार अंश ९६ वेळा बसतात. आता ९६ ला ४१५ ने गुणा.